दुप्पट गुणसूत्रांचा बेडूक

मंडळी, या वीकान्ताचा विषय बेडूक. 'ह्याला दुसरं काही सुचलं नाही का' म्हणून खिडकी बंद करण्याआधी एवढं ऐका. उत्तर अमेरिकेत झाडावर राहणारे दोन बेडूक आहेत. दोघं साधारण पाच सेंटिमीटरचे, दोघं राखाडी, दोघं रंग बदलून हिरवट होणारे, दोघांच्या मांड्या आतून पिवळ्या. डोळ्यांनी वेगळे ओळखायचे म्हटलं तर तज्ज्ञसुद्धा हात टेकतात. पण एकाच्या पेशीत २४ गुणसूत्रं आहेत आणि दुसऱ्याच्या पेशीत ४८. बरोब्बर दुप्पट! कोडबेस दुप्पट झाला आणि स्क्रीनवर काहीच बदललं नाही, असा प्रकार. (आमच्याकडे दर रिलीजला होतो. असो.)

पहिलं नाव १८२५ चं. ल काँत याने या बेडकाला 'हायला व्हर्सिकलर' म्हटलं, म्हणजे रंग बदलणारा. पुढे १८८० मध्ये एडवर्ड कोपने टेक्सासमधल्या बेडकांना 'क्रिसोसेलिस', म्हणजे सोनेरी पायांचा, असं नाव दिलं, आणि तेही दुसऱ्याच एका बेडकाची उपजात म्हणून. हा कोप म्हणजे तोच, डायनोसॉरच्या हाडांवरून मार्शशी जन्मभर भांडलेला. त्याच्या या नावाकडे नंतर कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सगळे राखाडी झाडबेडूक म्हणजे व्हर्सिकलर, विषय संपला.

विषय परत उघडला तो कानांमुळे. पावसानंतर तळ्याकाठी नर ओरडतात, एक लांब थरथरती शिट्टीसारखी तान. टेक्सासमधल्या लोकांच्या लक्षात आलं होतं की ही तान दोन प्रकारची आहे. एक संथ आणि एक भरभर, जवळजवळ दुप्पट वेगाची. आता माणसांतसुद्धा पुण्याचा माणूस आणि नागपूरचा माणूस वेगळं बोलतातच की, म्हणून काय दोन जाती झाल्या? क्लिफर्ड जॉन्सनने हाच प्रश्न प्रयोगाने विचारला. संथ तानवाले आणि भरभर तानवाले यांचा त्याने संकर करून पाहिला आणि १९५९ साली निष्कर्ष छापला: यांचं आपसात जमत नाही. १९६६ मध्ये त्याने भरभर तानवाल्यांसाठी कोपचं जुनं नाव धूळ झटकून वर काढलं. या सगळ्या गोष्टीत खरा हिरो मला जॉन्सन वाटतो. 'का' हे त्याच्याकडे नव्हतं, पण 'वेगळे आहेत' हे त्याने गुणसूत्रं मोजली जाण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं.

मग इतकी वर्षं कुणी मोजलं का नाही? कारण गुणसूत्रं मोजणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. वाटीतल्या शिजलेल्या शेवया न उचलता मोजा, असं म्हणण्यासारखं आहे. टेक्सास विद्यापीठातल्याच थिओफिलस पेंटरने १९२३ मध्ये माणसाची गुणसूत्रं मोजून ४८ सांगितली, आणि जग तीस वर्षांहून जास्त काळ ४८ धरून बसलं. ती ४६ आहेत हे त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवलं. मधल्या काळात युक्त्या सापडल्या होत्या. कोल्चिसीनने पेशीचं विभाजन नेमक्या जागी थांबवायचं, आणि पेशी पातळ द्रावणात टाकून फुगवायची म्हणजे शेवया सुट्या होतात. ही दुसरी युक्ती टी. सी. शू यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा ते गॅल्व्हेस्टनला होते, म्हणजे पुन्हा टेक्सास! आणि ती सापडली होती चुकून, कुणीतरी द्रावण भलतंच पातळ बनवल्यामुळे. बग की फीचर, तुम्हीच ठरवा.

शिवाय कुणाला अपेक्षाही नव्हती. गुणसूत्रांचे संच वाढणं ही वनस्पतींची मक्तेदारी मानली जायची. आपल्या ताटातच बघा ना. खपली गव्हाची गुणसूत्रं २८, पोळीच्या नेहमीच्या गव्हाची ४२. देशी कापसाची २६ आणि अमेरिकन कापसाची ५२. प्राण्यांत असं क्वचितच का दिसतं, यावर हर्मन मुलरने १९२५ मध्ये लेख लिहिला होता. थोडक्यात म्हणणं असं की नर-मादी ठरवणारं गुणसूत्रांचं गणित संच वाढले की कोलमडतं. तर्क चांगला होता, पण बेडकांनी बहुधा तो लेख वाचला नसावा. १९६६ मध्ये ब्राझीलमध्ये बेसाक दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्याला चार संच असलेला बेडूक सापडला. आणि १९७० मध्ये आरन वॉसरमनने 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की आपला संथ तानेचा व्हर्सिकलरही तसाच आहे. चार संच, ४८ गुणसूत्रं. भरभर तानेच्या क्रिसोसेलिसची मात्र २४.

जॉन्सनचं कोडं एका बेरजेत सुटलं. एकाकडून १२ आली, दुसऱ्याकडून २४, पिल्लाची झाली ३६. तीन संच! आता पुढच्या पिढीसाठी जोड्या कशा लावणार? आपल्या खायच्या केळ्यात बी नसते त्याचं एक मोठं कारण हेच: ३३ गुणसूत्रं, तीन संच. केळ्याचं ठीक आहे, त्याला शेतकरी मुनवे लावून वाढवतो. बेडकाला कोण लावणार?

इथे मला ही गोष्ट आकड्यांच्या पलीकडे जाताना दिसते. तळ्याकाठची मादी अंधारात आहे, दोन्ही जातींचे नर एकाच वेळी ओरडताहेत, आणि चुकीच्या आवाजाकडे गेली तर तिची त्या खेपेची सगळी अंडी फुकट. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. तिच्याकडे आहे फक्त तानेचा वेग, आणि तोही हवा गार झाली की मंदावतो, म्हणजे थंड रात्री भरभर तानवाला संथ वाटू लागणार. कार्ल गेरहार्टने १९७८ मध्ये दाखवलं की मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते. गार मादीला संथ तान आवडते, उबदार मादीला जलद. पाठवणारा आणि ऐकणारा, दोघांचं घड्याळ एकत्रच मागेपुढे होतं.

मग पहिल्यांदा संच दुप्पट झाले तेव्हा काय झालं असेल? नवा नर नव्या आवाजात ओरडला तर ऐकणार कोण? यावर मिसूरीत गेरहार्ट आणि टकर यांनी २०१२ मध्ये झकास काम केलं. २४ वाल्या क्रिसोसेलिसपासूनच बनलेले तीन संचांचे बेडूक त्यांनी तपासले. तिसरा संच त्याच जातीचा, म्हणजे नवीन जनुक एकही नाही, फक्त प्रत जास्त. तरी नरांची तान संथ झाली आणि माद्यांची आवडही संथ तानेकडे सरकली. संच वाढले की पेशी मोठ्या होतात, आणि आवाज व कान दोन्ही बहुधा त्यामुळेच एकाच दिशेने हलतात. प्रोटोकॉल बदलला आणि क्लायंट-सर्व्हर दोन्ही आपोआप अपग्रेड झाले! मी हे वाचून शनिवारी दुपारी चहा गार केला.

हे दुपटीकरण नक्की किती वेळा झालं यावर मात्र बरीच वर्षं खडाजंगी चालू होती. १९९४ मध्ये टासेक, गेरहार्ट आणि सेज म्हणाले, अनेकदा, वेगवेगळ्या ठिकाणी. २००६ मध्ये हॉलोवे आणि मंडळी म्हणाली, अनेकदा, आणि वेगवेगळ्या पूर्वजांपासून, पण आता सगळे मिसळून एकच जात. २०२२ मध्ये शेकडो जनुकखंड तपासून झालेल्या कामात उत्तर आलं की बहुधा मूळ दुपटीकरण एकदाच झालं, क्रिसोसेलिसच्या अशा एका शाखेत जी आता नामशेष आहे. नंतर २४ वाल्यांशी अधूनमधून संकर होत राहिला आणि त्यातून ४८ वाल्यांच्या वेगवेगळ्या शाखा झाल्या. म्हणजे फोर्क एकदाच, मर्ज मात्र अनेकदा. आधीच्या लोकांना दिसलेले 'अनेक पूर्वज' या मर्जमधून आलेले दिसतात. मला हे उत्तर पटतं, कारण ते जुन्या निरीक्षणांना फेटाळत नाही, त्यांचा हिशेब लावून देतं.

एक पंचाईत उरलीच आहे. १९७० च्या आधी पकडून संग्रहालयांत बरण्यांमध्ये ठेवलेले राखाडी झाडबेडूक. बरणीतला बेडूक ओरडत नाही, आणि चिठ्ठीवर सगळीकडे 'व्हर्सिकलर'.