दुसरे इंजिन



मागे एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्यामागे आला. पेणजवळच्या खेड्यातला, हाताने खटपटी करणारा मुलगा. म्हणाला, “सर, मामांची जुनी फियाट गोठ्याशेजारी उभी आहे. रोह्याला भंगारात इंजिन मिळतंय. ते डिकीत बसवलं तर गाडी दुप्पट पळेल का?” बाजूची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण हाच प्रश्न युरोपातल्या नामांकित इंजिनियरांनाही पडला होता आणि त्यांनी तशा गाड्या बांधूनही पाहिल्या. आज त्यांचीच हकीकत सांगणार आहे.

पण प्रथम आपल्या घरची गोष्ट. भाताने भरलेली बैलगाडी चिखलात रुतली की गाडीवान काय करतो? शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणतो, आपल्या जोडीपुढे जुंपतो आणि गाडी बाहेर निघाली की ती सोडून देतो. हे ‘सोडून देणे’ ध्यानात असू द्या.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जत स्टेशनावर चला. भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तिथे चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की गाडी १ फूट वर चढते. रेल्वेला हा चढ फार. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. प्रवासी वडे घेत असतात तेवढ्यात मागे हलकासा धक्का बसतो, तोच हा बँकर. तो मागेच का? एक तर सगळा भार पुढच्या डब्यांच्या सांध्यांवर येत नाही. दुसरे म्हणजे, एखादा सांधा तुटलाच, तर सुटलेले डबे मागे घरंगळू नयेत म्हणून आधार राहतो. लोणावळा आले की बँकर सोडतात. शेजाऱ्याची बैलजोडीच ती!

आता मोटारीकडे वळू. फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीने १९४८ साली शेतकऱ्यांना परवडेल अशी एक छोटी गाडी लोकांपुढे मांडली. तिचे नाव टूसीव्ही. पुढच्या चाकांना ओढणारे, हवेने थंड होणारे चिमुकले इंजिन. पुढे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तेलाचा शोध घेणाऱ्यांना वाळूत न रुतणारी, चारही चाकांनी चालणारी हलकी गाडी हवी झाली. इंजिनियरांनी पुढून मागे लांब दांडा नेण्याऐवजी डिकीत सरळ दुसरे इंजिनच बसवले. हीच ‘सहारा’. ती १९५८ साली लोकांपुढे आली. दोन्ही इंजिने ४२५ सीसीची, म्हणजे आपल्या ३५० सीसीच्या बुलेटपेक्षा थोडी मोठी. दोन गिअरपेट्या, दोन पेट्रोलच्या टाक्या, पण क्लचचे पेडल आणि गिअरचा दांडा एकच. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घर गाठता येई. वाळवंटात याची किंमत तुम्हीच करा!

आणि वेग? एका इंजिनावर ताशी सुमारे ६५ किलोमीटर, दोन्हींवर सुमारे १००. म्हणजे दुप्पट नाहीच. कारण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याहून कितीतरी जास्त वाढतो. दुसऱ्या इंजिनाचा खरा लाभ वेगात नव्हता, तो चढ चढण्यात आणि वाळूतून निघण्यात होता. पण वाळू संपून सपाट रस्ता लागला तरी ते इंजिन सोडून देता येत नव्हते. त्याचे वजन, त्याची देखभाल कायम पाठीशी. किंमतही साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. अशा गाड्या सातशेसुद्धा झाल्या नाहीत. ६९४ वर हिशेब थांबला.

इंग्लंडमध्ये ‘मिनी’ या छोट्या गाडीवरही हा प्रयोग झाला. १९६३ च्या मे महिन्यात दोन इंजिनांची मिनी इटलीतल्या सिसिली बेटावर टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरली. मागचे इंजिन तापले आणि चालकांनी पुढच्या इंजिनावरच कशीबशी शर्यत पुरी केली. त्याच वर्षी, रेसच्या मोटारी बांधण्यात नाव मिळवलेले जॉन कूपर स्वतः दोन इंजिनांची मिनी चालवत असता गाडीला भीषण अपघात झाला. ते जबर जखमी झाले. प्रयोग पुढे सोडून देण्यात आला. कूपर काही नवशिके नव्हते, बरे का!

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. म्हटले, “बाबा रे, फियाटची चौकट, ब्रेक, मागची चाके सगळे एका इंजिनाच्या हिशेबाने बांधलेले आहे. दोन इंजिनांचा मेळ बसला नाही, तर गाडीच्या वाटेवर कोण उभे असेल, सांगता येत नाही.” शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही.

मग ही कल्पना वाया गेली का? मुळीच नाही. आजच्या काही विजेच्या मोटारींत एक मोटर पुढे, एक मागे असते आणि त्यांचा मेळ संगणक राखतो. २०२३ साली सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत भोर घाट बँकरशिवाय चढते. कारण तिच्या मोटरी अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत.

तो मुलगा हिरमुसला, पण गप्प बसला नाही. पुढल्या आठवड्यात त्याने मामांच्या फियाटचे जुने इंजिन उघडले, साफ केले आणि चालू केले. शिक्षकांना माझी विनंती आहे: असा प्रश्न आला की हसू नका. मुलांना घेऊन कर्जतला जा, बँकर दाखवा आणि विचारा, हा पुढे का लावत नाहीत? त्यातून बरेच काही शिकवता येईल.