दिव्यांग प्रमाणपत्रावर अपील : नवा वैद्यकीय पुरावा केव्हा उपयोगी पडतो?

मेडिकल बोर्डाने 35 टक्के लिहिले आणि पेन्शनचा अर्ज परत आला, ही तक्रार सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला तर 80 टक्के. त्यामुळे पाच टक्क्यांत सगळे अडते.

बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर कलम 59 खाली अपील करता येते. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे प्रत्येक राज्याने आपापले ठरवायचे आहे. म्हणून बेळगावच्या प्रमाणपत्राची मुदत कोल्हापूरच्या नात्यागोत्यांना विचारून मोजू नका. प्रमाणपत्र देशभर चालते, अपील मात्र ज्या राज्याने ते दिले तिथेच.

आता पुराव्याचे. सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. तपासणीच्या वेळी जो त्रास होताच, पण बोर्डासमोर नीट आला नाही, त्याचा कागद अपिलात लावायचा. तपासणीनंतर आजार वाढला असेल तर ती वेगळी गोष्ट. त्यासाठी नव्याने अर्ज करून फेरतपासणी मागावी. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची तारीख आधी बघा. ती जवळ आली असेल तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज सोयीचा.

दुसरे म्हणजे, खासगी डॉक्टरने लेटरहेडवर ‘60 टक्के’ लिहून दिले म्हणून काही होत नाही. टक्का ठरवण्याचा अधिकार बोर्डाचा. त्यांना लागते ते मोजमाप : सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंची ताकद किती, ऑडिओग्राममध्ये किती डेसिबल. ऐकण्याच्या तपासणीवर शंका घेतली असेल तर बेरा चाचणीचा रिपोर्ट जोडा, कारण त्यात रुग्णाच्या हो-नाहीवर निकाल ठरत नाही. जुने डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, तारखेसह केस पेपर हेही कामाचे. आजार त्या तारखेला होता, हे त्यातूनच दिसते.

दोन व्यंगे असतील आणि एकच तपासले गेले असेल, तर अपिलाला खरा जोर येतो. पण बेरीज सरळ होत नाही. सूत्र असे : मोठा टक्का, अधिक लहान टक्का गुणिले (90 वजा मोठा टक्का) भागिले 90. पायाचे 30 आणि कानाचे 15 असतील तर उत्तर 45 नव्हे, बरोबर 40. कानाचे 14 भरले तर 39.33. म्हणजे राहून गेलेली कानाची तपासणी इथे सगळे ठरवते.

बोर्डाने प्रमाणपत्रच नाकारले असेल तर कारण लेखी देणे नियमाने बंधनकारक आहे. ते मागून घ्या. कारण हातात नसताना गोळा केलेले रिपोर्ट बहुधा भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतात.

आपल्याकडचे बरेच रुग्ण राहतात निपाणी-खानापुरात आणि उपचार घेतात मिरज, कोल्हापूर नाहीतर गोव्यात. परराज्यातले रिपोर्ट जोडायला हरकत नाही. केस पेपर मराठीत असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत सारांश लिहून घ्या, त्यावर सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.