१५ हजारांच्या आतला फोन: रॅमच्या आकड्याला भुलू नका

"दादा, १५ हजारांत कुठला फोन घेऊ?" असा मेसेज मला सारखा येतो. सोबत दोन स्क्रीनशॉट असतात, आणि ज्यावर '१६ जीबी रॅम' लिहिलंय त्यावर मन आधीच बसलेलं असतं.

खालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे ८ + ८ असतं. खरी रॅम ८ जीबीच. उरलेली 'व्हर्च्युअल', म्हणजे फोनच्याच स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं, त्यामुळे फोन काही दुप्पट फास्ट होत नाही. मागे ठेवलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडावं लागत नाही, एवढाच फायदा. तोही कधीकधी.

मी आधी स्टोरेजचा प्रकार बघतो. ईएमएमसी ५.१ चा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस २.२ चा साधारण १२००. हे कागदावरचे आकडे आहेत, पण फरक हाताला जाणवतो. शिवाय ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. म्हणूनच ॲप अपडेट होत असताना ईएमएमसीवाला फोन अडखळतो. कंपनीने प्रकार लिहिलाच नसेल, तर मी ईएमएमसी धरून चालतो.

मेगापिक्सेल? सोडून द्या.

सिक्युरिटी अपडेट मात्र नक्की विचारा, यूपीआय त्याच फोनवर चालवणार आहात ना! आणि ती वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर चारातली दोन वर्षं गेलेलीच असतात.