शादीची कॅसेट आणि कॅमेऱ्यावरचा दिवा

घरात शादीची जुनी कॅसेट असेल तर एकदा लावून बघा. व्हीसीआर कधीच भंगारात गेला असेल, पण एखाद्या भाच्याने तिची सीडी करून ठेवलेली असते. तीत माणसं डोळे बारीक करून बसलेली दिसतात. दुल्हन घामाने निथळते आहे, मागची भिंत काळीकुट्ट आहे, खाला आणि फुफी पदर तोंडावर ओढून बाजूला सरकत आहेत. आज आपण हसतो आणि म्हणतो, लोक तेव्हा किती बुजरे होते. त्यात बुजरेपणा थोडा आणि दिवा जास्त आहे.

आपल्याकडे शादीत उजेडाला मान पहिल्यापासून आहे. जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’चा हर्कलॉट्स यांनी केलेला इंग्रजी तर्जुमा १८३२ साली लंडनमध्ये छापला गेला. दख्खनच्या मुसलमान घरांतले रिवाज त्यात बारकाईने नोंदवले आहेत. दुल्ह्याची रात्रीची मिरवणूक, म्हणजे शबगश्त, त्यात आहे आणि जलवाही आहे. वरातीत आधी मशाली होत्या, मग डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली माणसं आली. शेजारच्या हिंदू घरांच्या वरातीतही तेच. हा उजेड साऱ्या गल्लीचा असे. ज्याला जे बघायचं ते तो बघे आणि ज्याला अंधारात उभं राहायचं त्याला जागा असे.

व्हिडिओने ही जागा काढून घेतली. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही घरोघर पोचू लागला. कोकणातल्या रत्नागिरी-रायगडकडच्या गावांत व्हीसीआर आला तो बऱ्याचदा आखाती देशांतून, सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानातून. शादीची कॅसेट ही तिकडे अडकलेल्या माणसाची गरज होती. भावाला रजा मिळाली नाही, अब्बांचा व्हिसा अडकला, तर निकाह त्यांना कॅसेटमध्येच बघायचा होता. तेव्हा चित्र दिसलंच पाहिजे, हा हट्ट नुसत्या हौसेचा नव्हता.

पण त्या काळच्या कॅमेऱ्यांत चित्र पकडायला काचेची नळी असायची आणि तिला घरातला ट्यूबलाइट पुरत नसे. म्हणून हॅलोजन आला. व्हिडिओवाले त्याला सनगन म्हणत. ते मूळचं एका अमेरिकी कंपनीच्या दिव्याचं नाव, आपल्याकडे सगळ्याच दिव्यांना चिकटलं. हजार वॅटचा दिवा, मागे लांब वायर, आणि तो धरायला एक पोरगा. हा पोरगा म्हणजे जुन्या मशालजीचा वारसदार, पण कॅसेटमध्ये तो कुठेच सापडत नाही. हॅलोजनमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत जातो. जरीच्या साडीत आणि फुलांच्या सेहऱ्यात बसलेल्यांना ती उष्णता झेलावी लागे.

शिवाय उजेडाचा एक कायदा आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा उरतो. दुल्हन दिव्यापासून एक मीटरवर आणि तिची नानी तीन मीटरवर बसली, तर दुल्हनचा चेहरा पांढराफटक आणि नानी अंधारात. अनेक घरांत नानीचं हलतं-बोलतं चित्र म्हणून ती एकच कॅसेट आहे, आणि तीत नानी म्हणजे एक काळी आकृती.

इथे मला इब्न अल-हैसम आठवतात. अकराव्या शतकात कैरोत बसून त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिलं. युक्लिड, टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात, तेव्हा ती दिसते. इब्न अल-हैसम यांनी ते खोडून काढलं. प्रखर उजेडाकडे बघितलं की डोळा दुखतो, म्हणजे प्रकाशच डोळ्यावर काही करतो, हा त्यांचा एक साधा पुरावा. भिंगाच्या शेजारी दिवा लावून आपण नेमका तो खोडलेला डोळा बनवला. हा डोळा जिथे बघतो तिथे किरण सोडतो. आणि समोरचे मिचमिचे डोळे पुरावा देत बसतात.

जलव्याच्या वेळी तर गंमतच होते. दुल्हा-दुल्हन आरशात एकमेकांचा चेहरा बघतात आणि कॅमेरा समोरून आरशावर रोखलेला असतो. किरण ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, म्हणून आरशात चेहऱ्याऐवजी दिवाच दिसतो. जुन्या नळीच्या कॅमेऱ्यात तर त्या झोताची शेपूटही चित्रावर ओढली जायची.

आता ती मजबुरी राहिलेली नाही. १९९०च्या दशकात निळा एलईडी हाती आला आणि त्यातून पांढरा एलईडी झाला. निळ्या एलईडीच्या संशोधकांना २०१४चं नोबेल मिळालं. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि कमी उजेडातही चांगला व्हिडिओ घेता येऊ लागला. तरीही हॉलमध्ये कॅमेऱ्यावर पांढराशुभ्र दिवा पूर्ण जोरात लावून फिरणारे व्हिडिओवाले दिसतातच. दिवा झगझगीत असला की काम झालं असं गिऱ्हाईकालाही वाटतं, हेही खरं.

तेव्हा बुकिंग करताना भावाबरोबर दिव्याचंही विचारा. उजेड कमी-जास्त करता येतो का? रंग बदलता येतो का? हॉलमधले पिवळे दिवे तीन हजार केल्व्हिनच्या आसपास असतात. त्यात साडेपाच हजारांचा दिवा घुसला की चेहरे निळसर होतात. रंग खरे दाखवण्याचा आकडा, म्हणजे सीआरआय, पंचाण्णवच्या पुढे असावा, नाहीतर मेहंदी आणि गव्हाळ रंग दोन्ही मळकट दिसतात. दिव्यावर पांढरा पडदा हवा. तो भिंगाला चिकटून नको, जरा वर आणि बाजूला हवा. बायकांच्या खोलीत शूटिंग करणारी बाई असावी, हे बरीच घरं आता ठरवतात. पण जिला कॅमेऱ्यात यायचं नाही तिच्यावर झोत पडू नये, हे तिलाही आधी सांगावं लागतं. जलव्याला कॅमेऱ्यावरचा दिवा बंदच ठेवायचा. आणि दुसरा एक छोटा दिवा खोलीच्या कोपऱ्यात, छताकडे तोंड करून लावायला सांगा, म्हणजे मागे बसलेली नानीही दिसेल.