आपल्या सोसायटीच्या आधी : तीन हरकतींची गोष्ट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा, असे आपल्या सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मी लगेच हो म्हटले. पहिला खजिनदार मीच होतो, जुनी दप्तरे माझ्याच माळ्यावर आहेत, आणि बँकेत छत्तीस वर्षे घालवल्यामुळे कागद जपून ठेवण्याची खोड अजून गेलेली नाही. वाटले, दोन दुपारींचे काम आहे. नोंदणी २००० साली, पहिल्या पावसाळ्यातली गच्चीची गळती, पाण्याच्या टँकरचे दिवस, लिफ्टचा वाद, गणपतीतली नाटके. झाला लेख.

पण फाइल उघडली आणि पहिल्याच कागदाला अडकलो. तो आपल्या भूखंडाचा त्रिपक्षीय करार. एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला आपले बिल्डर, आणि मध्ये ज्याची मूळ जमीन होती तो शेतकरी. सिडकोचा शिक्का आहे, बिल्डरची लपेटेदार सही आहे, आणि शेतकऱ्याच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हा कागद मी शंभरदा हाताळला असेल, पण त्या अंगठ्याकडे नीट बघितले नव्हते. म्हणून हा लेख गच्चीच्या गळतीपासून सुरू न करता जरा मागून सुरू करतो. कंटाळा आला तर संपादक मंडळाला कापायची मुभा आहे.

आपण राहतो ते नेरूळ म्हणजे नवी मुंबईचा एक तुकडा. ही नवी मुंबई सरकारच्या डोक्यातून निघाली असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. मुंबईची गर्दी कशी आवरायची यावर सरकारने १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता आणि ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वाढवावी, असे त्या गटाने सुचवले होते. पण खरी ठिणगी पडली ती एका हरकतीमुळे. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेने आपला विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि नागरिकांकडून सूचना व हरकती मागवल्या. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशी जाहिरात येते, आपण ती वाचतो आणि पान उलटतो. तिघांनी मात्र ती मनावर घेतली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोघे वास्तुविशारद, आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल ज्यांच्या नावावर आहे तेच हे पटेल. वयाने तिघेही फार मोठे नव्हते, पदावर तर नव्हतेच. नुसते नागरिक.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसे उत्तरेला राहायला. आराखडा हीच रेघ आणखी लांबवतो आहे. रोज सकाळी सगळे एका दिशेने जाणार आणि संध्याकाळी उलट येणार. कितीही गाड्या वाढवा, पुरायच्या नाहीत. तेव्हा शहराची वाढ पूर्वेकडे वळवा, खाडीपलीकडच्या मोकळ्या भूमीवर मुंबईच्या तोडीचे दुसरे केंद्र उभारा, आणि लोकांनी यावे म्हणून सरकारने आधी स्वतःच्या कचेऱ्या तिकडे न्याव्यात. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकाने मुंबईवर खास अंक काढला, त्यात ही कल्पना सविस्तर मांडली गेली. मुल्कराज आनंद तेव्हा 'मार्ग'चे संपादक होते.

पुढचे चक्र आपल्याकडच्या मानाने लवकर फिरले. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही मुंबईबाहेर नवी केंद्रे असावीत असेच सांगितले, प्रादेशिक नियोजन मंडळ झाले, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि हरकत घेणाऱ्यांपैकी कोरिया आणि पटेल हे सिडकोत जबाबदारीच्या जागी बसले. हरकत घेणाऱ्यालाच 'मग तुम्हीच करून दाखवा' म्हणणारे सरकार विरळाच!

बँकेचा माणूस म्हणून मला त्या योजनेतला पैशाचा भाग फार चतुर वाटतो. सरकारकडे शहर बांधायला पैसा नव्हता. मग युक्ती अशी, की जमीन शेतीच्या भावाने एकगठ्ठा संपादन करायची, रस्ते, पाणी, गटारे करायची, आणि वाढलेल्या भावाने भूखंड विकून त्याच पैशातून पुढचे रस्ते करायचे. जमीन हेच भांडवल. पुढे मानखुर्द-वाशी रेल्वे आली तिच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, तो याच हिशेबाच्या जोरावर. ९ मे १९९२ ला वाशीला पहिली लोकल आली. ती नसती तर आपल्यापैकी निम्मे लोक इथे राहायला आले नसते.

पण ताळेबंदाला दोन बाजू असतात. एका बाजूला नफा दिसला की दुसरी बाजू कोणाच्या नावावर आहे ते बघावे, हे मला माझ्या पहिल्या मॅनेजरांनी शिकवले. ती 'मोकळी भूमी' मोकळी नव्हतीच. ३४४ चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात ९५ गावे होती. आगरी, कोळी, कराडी माणसे. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून राखलेली खारजमीन. आराखड्यावरची हरकत लिहायला या गावांतून कोणी 'मार्ग'च्या कचेरीत गेले नव्हते. त्यांना कळले ते भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा.

इथे माझा स्वतःचा संबंध येतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली या पट्ट्यातल्या एका शाखेत झाली. भूसंपादनाची कचेरी होती तिला सगळे 'मेट्रो सेंटर' म्हणत. तिथून मोबदल्याचे चेक घेऊन शेतकरी आमच्याकडे येत. आम्हाला वरून ठेवींचे टार्गेट असे. चेक दिसला की आम्ही खुर्ची पुढे करायचो, चहा मागवायचो. अंगठा उठवायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, मुदत ठेवीची पावती हातात द्यायची. त्या वर्षी आमच्या शाखेचे टार्गेट पूर्ण झाले, रीजनल ऑफिसातून अभिनंदनाचे पत्र आले. मी ते घरी नेऊन दाखवले होते.

एक म्हातारेबुवा मला अजून आठवतात. डोक्याला टॉवेल, अंगात बंडी. मी त्यांना व्याज समजावून सांगत होतो, दर तीन महिन्यांनी इतके, मुद्दल सुरक्षित. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, पैसं संपतान. शेत नाय संपत." मी हसून म्हटले, "बाबा, मोडलीच नाही ठेव तर कशाला संपेल?" दीड वर्षात ती ठेव मोडायचा अर्ज घेऊन त्यांचा मुलगा आला. आधी लग्न, मग टेम्पो, मग घराची डागडुजी. मुदतीपूर्वी मोडली म्हणून व्याज कमी बसले, तेही मीच समजावून सांगितले. तेव्हा मला वाटले, या लोकांना पैसा सांभाळता येत नाही. हे वाक्य आम्ही सगळेच डबा खाताना म्हणायचो. एकरकमी पैसा आणि बारमाही पीक यांत फरक असतो, हे बँकेच्या परीक्षांत शिकवत नाहीत.

गावांची हरकत मग रस्त्यावर आली. जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे आमदार आणि कुलाब्याचे खासदार राहिलेले, यांच्या नेतृत्वाखाली मोबदला वाढवून द्या आणि विकसित जमिनीत वाटा द्या, अशी मागणी झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. आम्ही शाखेचे शटर अर्धे ओढून आत बसलो होतो. दुसऱ्या आठवड्यात काउंटरवर नेहमीची माणसे आली, पण कोणी बोलत नव्हते. चहा मागवला तर कोणी घेतला नाही.

त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. सरकारी निर्णय व्हायला १९९० उजाडले. म्हणजे काय, ते आपल्या तरुण सभासदांसाठी हिशेबाने सांगतो. शेतकऱ्याची एक एकर जमीन गेली, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तिचे साडेबारा टक्के म्हणजे साधारण ५०६ चौरस मीटर. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा जातात. हातात राहतात पावणेनऊ टक्के, सुमारे ३५४ चौरस मीटरचा विकसित भूखंड. त्यावर दीड चटईक्षेत्र. मोबदल्याच्या चेकपेक्षा हे कितीतरी मोलाचे होते, कारण वाढत्या शहरातला तो वाटा होता. पण इमारत बांधायला शेतकऱ्याकडे भांडवल कुठून येणार? मग बिल्डर आला, त्रिपक्षीय करार झाला, अंगठा उठला.

आपली सोसायटी अशाच भूखंडावर उभी आहे. २००० साली मी निवृत्तीचा विचार करून इथे फ्लॅट घेतला, तेव्हा टायटल स्वच्छ आहे का एवढेच पाहिले. बँकेचा माणूस आणखी काय पाहणार? त्या अंगठ्याचा धनी कोण, हे परवा फाइल चाळताना पहिल्यांदा मनात आले. माझ्या शाखेत आलेले म्हातारेबुवा ते नव्हेत, गाव वेगळे आहे. पण तसाच कोणीतरी.

काही जुन्या सभासदांना आठवत असेल, एका वर्षी वार्षिक सभेत गावदेवीच्या जत्रेच्या मिरवणुकीवरून विषय निघाला होता. ढोल आपल्या गेटासमोर अर्धा तास थांबतो, मुलांच्या परीक्षा असतात, पत्र लिहून तक्रार करा, असा ठराव आला. सूचक मीच होतो. कोणीतरी मागून म्हणाले, "अहो, त्यांचा रस्ता आधीपासून इथूनच आहे. गेट आपण नंतर लावलं." हशा झाला आणि ठराव बारगळला. इतिवृत्तात 'चर्चेअंती विषय स्थगित' एवढेच आहे. आज इथे लिहून टाकतो, की ठराव बारगळला हे बरे झाले.

आता त्या तिघांच्या हरकतीचे काय झाले? शहर झाले, पण त्यांचा मुख्य मुद्दा सरकारने घेतला नाही. बेलापूरला कोकण भवन आले, ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याचा बाजार खाडी ओलांडून आला, पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि विधान भवनही तिथेच झाले. त्यामुळे वाशीच्या पुलावरून सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इकडे हे आपल्या दोन पिढ्यांच्या नशिबी आले. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. पूल आला, पण वाट बरीचशी तीच राहिली. कोरिया २०१५ मध्ये गेले, शिरीष पटेल २०२४ च्या डिसेंबरात. आणि गावांचे प्रश्नही मिटलेले नाहीत. गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे वाढली, म्हणून गरजेपोटी बांधलेली घरे अजून नियमित होण्याची वाट पाहात आहेत. २०२१ साली विमानतळाला दि. बां.चे नाव द्या म्हणून हजारो माणसे हातात हात धरून उभी राहिली, ते नुसते नावासाठी नव्हते.

शेवटची हरकत आपली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेने आपला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. सूचना व हरकती मागवल्या. १९६४ सारखीच जाहिरात. मी नोटीस बोर्डावर कात्रण लावले, खाली लिहिले, 'इच्छुकांनी रविवारी सकाळी दहाला गच्चीवर जमावे.' पाच जण आले. त्यातले दोघे पाण्याच्या प्रेशरबद्दल विचारायला आले होते. आम्ही तिघांनी नकाशा पाहून मैदान आणि खाडीकाठाबद्दल दोन पानी हरकत लिहिली आणि पोच घेतली. पोच माझ्या फाइलीत आहे. तीनच सह्या. आकडा तोच, पण आमच्यात कोरिया कोणी नव्हता, हे कबूल करतो!

हे कोणाला टोचावे म्हणून लिहीत नाही. पण इमारतीला पंचवीस वर्षे झाली की पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात. आपल्याकडे दोन बिल्डर चकरा मारून गेलेच आहेत. कोणीतरी रंगीत नकाशा घेऊन येईल, खुर्ची पुढे करील, चहा मागवील, आणि आकडे समजावून सांगेल. तेव्हा आपण टेबलाच्या त्या बाजूला असू, जिथे म्हातारेबुवा बसले होते. त्यांच्यापेक्षा आपली एक सोय आहे. आपल्याला कागद वाचता येतो, आणि हरकत कुठे, किती दिवसांत, कशी द्यायची हे ठाऊक आहे. ते वापरले नाही तर दोष आपलाच.

कमिटीला दोन विनंत्या करून थांबतो. त्या त्रिपक्षीय कराराची एक प्रत फ्रेम करून ऑफिसात लावावी, म्हणजे नव्या सभासदाला पाया कुठला ते कळेल. आणि रौप्यमहोत्सवाच्या जेवणाचे आमंत्रण त्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला द्यावे. पत्ता मी शोधून काढला आहे. गावठाणातच राहतात, आपल्या गेटापासून चालत दहा मिनिटांवर. पंचवीस वर्षांत आपण कोणी तिकडे गेलो नव्हतो. मी परवा जाऊन आलो. नातवाने दार उघडले, चहा दिला. या वेळी मी तो घेतला.