छोटा चेतन आणि फिरती खोली

मंडळी, ताथवड्यात, कारखान्यांच्या या पट्ट्यात सिनेमावर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण आज ज्या चित्रपटाबद्दल आपण बोलणार आहोत, तो जितका स्टुडिओत घडला तितकाच फॅब्रिकेशनच्या कामातून घडला. ऑगस्ट १९८४ मध्ये आलेला मल्याळम बालपट ‘माय डिअर कुट्टिचातन’, भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट. आपल्याकडे पुष्कळांनी तो १९९८ मध्ये हिंदीतून, ‘छोटा चेतन’ म्हणून पाहिला.

मांत्रिकाच्या ताब्यातलं छोटं भूत आणि त्याच्याशी दोस्ती करणारी तीन मुलं, एवढी साधी गोष्ट. निर्माते नवोदय अप्पच्चन, दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव जिजो. थ्रीडीची खास लेन्स अमेरिकेतली. डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीची दोन चित्रं एकाच फिल्मवर वर-खाली उमटवायची, पडद्यावर ती एकमेकांवर पाडायची आणि पोलराइज्ड चष्म्यानं ज्या डोळ्याचं चित्र त्या डोळ्याला द्यायचं, अशी ती पद्धत. साध्या पांढऱ्या पडद्यावर हे जमत नाही, चंदेरी पडदाच लागतो. म्हणजे थिएटरवाल्यालाही खर्च आला. त्यात इतरांनी वापरलेले चष्मे घालून डोळे येतील, ही लोकांची धास्ती! म्हणून चष्मे निर्जंतुक केलेले आहेत, हे सांगायला नामवंत नटच पडद्यावर आणले.

पण ज्या दृश्यानं मुलं थक्क झाली, ते चष्म्यामुळे नव्हे. एका गाण्यात मुलं भिंतीवरून चालत थेट छतावर जातात. कलादिग्दर्शक के. शेखर यांनी त्यासाठी लोखंडी सांगाड्यात फिरणारी अख्खी खोली उभी केली. बाहेरून माणसं ती ताकद लावून फिरवत. कॅमेरा खोलीलाच जखडलेला, त्यामुळे तोही सोबत फिरे. पडद्यावर खोली स्थिर दिसे आणि मुलं भिंत चढताना दिसत. हॉलिवूडमध्ये फ्रेड अस्टेअर १९५१ मध्ये असेच छतावर नाचले होते. इथे मात्र आत लहान मुलं होती. खोली हिसका न बसता, एका लयीत फिरायला हवी. सांगाडा डुगडुगून चालणार नव्हता.

२०१३ मध्ये मराठीत ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, तोवर काळ संगणकाचा झाला होता. १९८४ च्या त्या खोलीमागे मात्र वेल्डिंग, तोल आणि माणसांचे दंड होते. ते हात पडद्यावर दिसले असते तर जादूच संपली असती. ते दिसले नाहीत, म्हणून आपणही त्यांना विसरलो. चित्रपटाचा इतिहास सांगताना नटांच्या यादीशेजारी या कामाचीही नोंद हवी, एवढंच आमचं म्हणणं आहे.