देवनागरी जुळवणारी लायब्ररी

दुसऱ्याने लिहून तपासलेला कोड आपल्या प्रोग्रॅमला जोडण्याची पद्धत जवळपास संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हे यंत्र चालू झाले. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी नेहमी लागणारी कामे छोट्या सबरुटीनमध्ये लिहून त्यांच्या कागदी फिती कपाटात ठेवलेल्या असत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली. हवी ती फीत काढून तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची. अडचण पत्त्यांची होती. एकच सबरुटीन दर प्रोग्रॅममध्ये मेमरीत वेगळ्या जागी बसे आणि तिच्या आतले पत्ते चुकत. डेव्हिड व्हीलर यांनी फीत वाचली जात असतानाच हे पत्ते बदलून घेण्याची सोय केली. कोडचे तुकडे जोडणाऱ्या पुढच्या सगळ्या लिंकरांचे मूळ काम हेच राहिले.

१९५८ च्या फोर्ट्रान २ मध्ये सबरुटीन वेगळी कंपाइल करून नंतर जोडता येऊ लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला, तोवर ही रीत रुळली होती. पुढे आयआयटी मुंबईच्या धनंजय धामधेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी लिंकर आणि लोडरची प्रकरणे परीक्षेसाठी घोकली.

जोडायचे काय आणि कोणत्या क्रमाने, हे लिहून ठेवणारी बिल्ड व्यवस्था मात्र उशिरा आली. बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी एक चूक दुरुस्त केली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली; बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली. त्यांचा वैताग ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिले. मेकफाइलमध्ये आज्ञेआधी टॅबच हवा, हा जाचक नियमही त्यांचाच. तो बदलावा असे वाटेपर्यंत डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. आज तो लाखो मेकफाइलींत आहे.

कोड कोठे ठेवावा, या प्रश्नाची किंमत मराठीला चांगलीच मोजावी लागली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. सुरुवातीला देवनागरी जुळवण्याचे काम संगणकात बसवलेले जिस्ट कार्ड करी, म्हणजे तो कोड हार्डवेअरमध्येच अडकलेला होता. पुढे श्रीलिपीसारखी पॅकेजे आली. त्यांच्या फॉन्टांचे संकेत ज्याचे त्याचे असत, आणि एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा काला होई. युनिकोडने १९९१ मध्ये संकेत एक केले, तरी ते पडद्यावर जुळवणार कोण हा प्रश्न उरलाच. विंडोज २००० ने युनिस्क्राइब या सामायिक लायब्ररीतून देवनागरी दाखवायला सुरुवात केली. लिनक्सच्या जगात पँगो आणि क्यूटी या लायब्ररींनी फ्रीटाइप प्रकल्पातल्या एकाच जुन्या कोडच्या नकला घेतल्या आणि त्या आपापल्या वाटेने बदलत गेल्या. त्या पुन्हा एका जागी आणण्याच्या खटपटीतून हार्फबझ ही लायब्ररी उभी राहिली.

ती काय करते ते ‘दिंडोरी’ या तालुक्याच्या सात संकेतांच्या नावात दिसते. ‘द’ नंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी ‘द’ च्या आधी काढावी लागते आणि अनुस्वार नेमक्या जागी बसवावा लागतो. त्याच तालुक्याच्या सातबाऱ्यावर ‘शेतकऱ्याचे’ लिहायचे तर काम आणखी नाजूक होते. त्यात ‘र्य’ सारखा डोक्यावरचा रफार चालत नाही, ‘ऱ्य’ हवा. हिंदीला या रूपाची गरज नाही. मराठीची अशी बारकी मागणी प्रत्येक प्रोग्रॅमकाराने आपल्या कोडमध्ये निस्तरावी ही अपेक्षाच चुकीची होती.

हार्फबझ जोडणाऱ्याला नवख्या हाताने होणारी एक चूक सहज भेटते. हेडर फाइल सापडते, कंपाइल बिनतक्रार होते आणि शेवटी लिंकर नाव सापडत नसल्याचे सांगून थांबतो. हेडर फक्त फंक्शनची ओळख देते, प्रत्यक्ष कोड लायब्ररीत असतो आणि तिचे नाव लिंकरला वेगळे सांगावे लागते. स्टॅटिक लायब्ररी असेल तर तिचे नाव, ती वापरणाऱ्या फाइलीच्या नंतरच यावे लागते, कारण पारंपरिक लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. ही माहिती यंत्रागणिक बदलते. म्हणून २००० च्या सुमारास पीकेजी-कॉन्फिग आले: लायब्ररीसोबत एक छोटी मजकूर फाइल येते, तिच्यात हेडरची जागा आणि लिंकरला द्यायचे पर्याय असतात, आणि बिल्ड व्यवस्था ती वाचून घेते. त्याआधी १९९९ मध्ये वैद्यकीय प्रतिमांच्या एका अमेरिकी प्रकल्पासाठी सीमेक या बिल्ड व्यवस्थेचे काम सुरू झाले होते.

स्टॅटिक जोडणीत लायब्ररीचा लागेल तो भाग प्रोग्रॅमच्या फाइलीत कायमचा शिरतो. डायनॅमिक जोडणीत फक्त नाव नोंदले जाते आणि लायब्ररी चालवताना शोधली जाते. सामायिक प्रत बदलली की तिच्यावर चालणारे सारे प्रोग्रॅम पुढच्या वेळी नवी प्रत उचलतात. क्रोम आणि फायरफॉक्स मात्र हार्फबझची आपापली प्रत सोबत बाळगतात. ‘ऱ्य’ ची एखादी चूक मूळ लायब्ररीत दुरुस्त झाली, तरी या दोन्ही ब्राउझरांत ती त्यांच्या नव्या आवृत्तीसोबतच पोहोचते.